शिंगाड्यावरचा भुंगेरा: पानावर शोधायचा कसा, मोजायचा कसा आणि आवरायचा कसा

भाद्रपद उजाडला की भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या तलावांवर एकच तक्रार ऐकू येते. शिंगाड्याची पानं एकाएकी तांबडी पडली, आता कोणतं औषध मारायचं? पानं एकाएकी तांबडी पडलेली नसतात. त्याआधी किमान तीन आठवडे, बहुतेक वेळा त्याच्या दुप्पट काळ, एक छोटा पानभुंगेरा त्याच पानांवर अंडी घालत असतो, त्याच्या अळ्या तिथेच वाढत असतात आणि कोषही तिथेच होत असतात. त्याला शिंगाडा भुंगेरा म्हणतात, शास्त्रीय नाव गॅलेरुसेला बिर्मानिका. वेळेवर पाहिला तर तो दोन बोटांनी आवरतो. उशीर झाला की लोक फवारणीचा पंप घेऊन मासे असलेल्या पाण्यात उतरतात.

चुका ठरलेल्या आहेत: पाहण्याची जागा चुकते, वेळ चुकते आणि कामांचा क्रम उलटा होतो. म्हणून हा क्रम सविस्तर देतो आहे. तलाव नसेल, नुसती किडीची हौस असेल, तरी पहिले सात टप्पे जसेच्या तसे वापरता येतील.

टप्पा 1: पाण्यात उतरण्याआधीची तयारी

सोबत घ्यायचं सामान थोडंच आहे: दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरी थाळी, झाकणाची बादली, रंगीत दोऱ्याचे तुकडे, वही आणि शिसपेन्सिल. ओल्या हाताने शाईचं लिहिलेलं पुसून जातं, त्यामुळे पेन नकोच. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

तलाव मत्स्य सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल तर आधी संस्थेला विचारा. शिंगाडा लावणारा ढीवर (मासेमारी करणाऱ्या समाजातल्या) कुटुंबातला जाणता माणूस सोबत येत असेल तर त्याच्याबरोबरच जा. वेल कुठे दाट आहे आणि खोल कुठे आहे, हे त्याला ठाऊक असतं.

सावधान: शिंगाड्याच्या वेलात पाय अडकतात आणि पट्टीचा पोहणारासुद्धा गोंधळतो. एकट्याने उतरू नका. डोंग्यावर असा किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर, कमरेला तरंगणारं काहीतरी बांधलेलं हवं. गमबूट घालू नका, त्यात पाणी भरलं की माणूस खाली ओढला जातो. ढगांचा गडगडाट सुरू झाला की काम अर्धवट सोडून काठावर या. पावसाळ्यात उघड्या पाण्यावर विजेचा धोका मोठा असतो.

वेळ सकाळची, ऊन चढण्याआधीची. तेव्हा भुंगेरे सुस्त असतात. दुपारी ते चटकन उडतात, हाती लागत नाहीत आणि मोजणी कमी भरते.

टप्पा 2: आधी झाड नीट पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पुढची सगळी नोंद चुकते.

शिंगाड्याची पानं पाण्यावर गोल चक्रात पसरतात. मधली पानं कोवळी, बाहेरची जून. देठाला मध्यावर स्पंजासारखा फुगवटा असतो, त्याच्या जोरावर चक्र तरंगतं. फुलं पानांच्या बगलेत येतात आणि पुढे फळ पाण्याखाली पोसतं. म्हणजे फळाचं पोषण करणारी पानं आणि भुंगेऱ्याचं खाद्य एकच. पान गेलं की फळ बारीक राहतं.

आता महत्त्वाचं. बाहेरची जून पानं आपोआप पिवळी-तांबडी होतात, आणि पानाची खालची बाजू कित्येकदा जन्मापासून जांभळट असते. दोन्ही निरोगी झाडाची लक्षणं आहेत. नुसता तांबूस रंग पाहून "कीड लागली" असं वहीत लिहू नका.

तपासा: पान तांबडं आहे, पण त्यावर खरवडल्याची खूण, भोक किंवा कडेला कुरतडल्याची रेघ नाही? मग तो भुंगेरा नव्हे. पुढच्या पानाकडे चला.

टप्पा 3: काठापासून आत, आणि पानाच्या वरच्या बाजूला

कापूस, तूर, भाजीपाला करणाऱ्याच्या हाताला पान उलटं करून पाहायची सवय असते. मावा, तुडतुडे, अंडी, सगळं खाली सापडतं. शिंगाड्यावर ही सवय तुम्हाला फसवते. इथे पानाची खालची बाजू पाण्याला टेकलेली असते, त्यामुळे या भुंगेऱ्याची अंडी, अळी, कोष आणि प्रौढ ही चारही रूपं पानाच्या वरच्या बाजूला मिळतात. पान उपटून उलटं करणारा माणूस अंडी स्वतःच्या तळहाताखाली चिरडतो आणि "काही नाही" म्हणून निघून जातो. पान जागेवर ठेवा, वरून वाकून पाहा.

सुरुवात काठाच्या पट्ट्यापासून करा. पिकाची पानं नसतात त्या काळात भुंगेरे काठचं गवत आणि पालापाचोळा यांच्या आसऱ्याने राहतात आणि नवी पानं पसरली की तिथून पाण्यावर येतात. त्यामुळे गवताळ पाळीजवळची (तलावाच्या बांधाजवळची) चक्रं पहिल्यांदा पाहायची. दुसरी जागा म्हणजे बाहेरून आणलेली रोपं लावलेला कोपरा. दुसऱ्या बोडीतून (छोट्या तळ्यातून) वेल आणताना त्याच्या पानांवर अंडी आणि अळ्या असतील तर कीड तुम्ही स्वतःच्या हातानेच लावलीत असं होतं. जून-जुलैत लावणी करताना प्रत्येक जुडी पाहून घ्या. या एका कामाला दिलेला वेळ पुढे अनेक पटींनी वाचतो.

टप्पा 4: अंडी

पिवळी, एक मिलिमीटरपेक्षाही बारीक, पानाच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटलेली, लहान पुंजक्यात. एका पुंजक्यात कधी डझनभर, कधी त्याहून जास्त. पानावर दव असेल तर थेंबांच्या चकाकीत ती सुटतात, म्हणून मान तिरकी करून, उजेड बाजूने येईल असं पाहा.

उबदार, दमट हवेत अंडी साधारण चार ते सात दिवसांत फुटतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची फेरी किती दिवसांनी करायची ते यावर ठरतं. चार-पाच दिवसांनी एक फेरी केली, तर फेरीनंतर घातलेली अंडी तुम्हाला अंड्याच्या रूपात, फार तर नुकत्या फुटलेल्या अळीच्या रूपात भेटतात. पंधरा दिवसांनी गेलात तर मोठ्या अळ्या आणि खरवडलेली पानंच भेटतील.

पुंजका सापडला की त्या पानाच्या देठाला दोरा बांधा आणि तारीख लिहा. निदान पहिल्या वेळी अंडी चिरडू नका. पुढे काय होतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची ओळख चुकत नाही.

टप्पा 5: अळी, म्हणजे खरं नुकसान

नुकतीच बाहेर पडलेली अळी पिवळसर आणि इवलीशी असते. खायला लागली की गडद होत जाते, मोठी अळी काळपट दिसते. दोनदा कात टाकून तिच्या तीन अवस्था होतात. एकूण काळ साधारण आठ ते बारा दिवस, हवा गार असेल तर जास्त.

अळी पानाला आरपार भोक पाडत नाही. ती वरचा हिरवा थर खरवडते आणि खालचा पातळ पापुद्रा ठेवते. आधी त्या जागी फिकट खिडकी दिसते, मग पापुद्रा सुकून तपकिरी होतो आणि फाटतो. अशा खिडक्या जोडल्या गेल्या की सगळं पान जळाल्यासारखं दिसतं आणि ओल्या हवेत कुजायला लागतं. तळ्यावरची "करपली" म्हणतात ती पानं बऱ्याचदा या अवस्थेतली असतात. बुरशी तिथे मागाहून येते. अशा वेळी बुरशीनाशक आणणारा माणूस पैसे घालवतो आणि अळ्यांना आणखी आठवडा देतो.

चक्रं एकमेकांना टेकली की अळी एका पानावरून दुसऱ्यावर चालत जाते. दाट लावणीत कीड झपाट्याने का पसरते, त्याचं हे एक सरळ कारण.

तपासा: खिडकीच्या टोकाशी काळपट अळी आहे का? असेल तर नुकसान ताजं आणि चालू आहे. खिडक्या सुकलेल्या आणि अळी नाही, असं असेल तर जवळपास कोष शोधा.

टप्पा 6: कोष आणि भुंगेरा

या कुळातल्या कितीतरी पानभुंगेऱ्यांच्या अळ्या कोषासाठी मातीत उतरतात. पाण्यावर ती सोय नाही. शिंगाडा भुंगेऱ्याची अळी पानावरच शेपटाकडची बाजू चिकटवते आणि तिथेच कोष होते. ताजा कोष फिका, नंतर काळपट. हलत नाही, खात नाही, म्हणून लोक त्याला पक्ष्याची विष्ठा किंवा पानाला लागलेला चिखल समजून सोडतात. बोटाने हलकेच टोचा. चिखल विरघळतो, कोष घट्ट राहतो. तीन ते पाच दिवसांत त्यातून भुंगेरा निघतो.

भुंगेरा तांदळाच्या दाण्याएवढा लांब, पिवळसर तपकिरी, अंगावर बारीक लव. तो पानाला आरपार लहान भोकं पाडतो. हात जवळ नेला की पानाच्या कडेला सरकतो, खाली पडतो किंवा उडतो. पाण्यात पडला तरी लगेच बुडत नाही, पृष्ठभागावरून रांगत पुढचं पान गाठतो.

अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत सगळं मिळून साधारण तीन आठवडे. पावसाळ्यापासून तोडणीपर्यंत अशा अनेक पिढ्या एकावर एक चढतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरनंतर एकाच पानावर चारही रूपं दिसायला लागतात. म्हणून आधीच्या पिढीत चुकलेलं काम पुढच्या पिढीत भरून काढणं जड जातं.

सावधान, ओळखीतल्या चार गल्लती:

ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळीही काळपट असते. ती लांबट, पायांनी भराभर चालणारी आणि पाठीवर काटेरी उंचवटे असलेली असते. शिंगाड्यावर कमळाचा मावा येतो, तो खायला ती येते. तिला मारणं म्हणजे आपला राखणदार मारणं. आसपास मावा आहे आणि पान खरवडलेलं नाही, तर हात लावू नका.

पानाचे तुकडे कापून त्यांच्या घरट्यात राहणारी पाण-पतंगाची अळी वेगळी. तिथे पानाला नीट कापलेला अर्धगोल तुकडा गेलेला दिसतो.

पानाच्या आत नागमोडी बोगदा दिसत असेल तर ती अळी पानाच्या पोटात आहे. भुंगेऱ्याची अळी उघड्यावर खाते.

आणि देठ पोखरलेला असेल तर सोंडकिडा शोधा. शिंगाड्यावर त्याचीही एक जात येते.

टप्पा 7: टबात एक पिढी वाढवून पाहा

गावातल्या चार जणांनी मिळून हे एकदा तरी करावं, शाळेतल्या मुलांना दाखवावं. चित्र पाहून आलेली ओळख तळ्यावर टिकत नाही.

पसरट टब किंवा जुनं मोठं घमेलं घ्या. नळाचं नको, त्याच तलावाचं पाणी भरा. त्यात तीन-चार निरोगी चक्रं वेलाच्या लांब तुकड्यासकट सोडा. वेलाला पाण्याखाली पिसांसारख्या मुळ्या असतात, त्या राहू द्या. टब अर्धवट सावलीत, पण रोज काही तास ऊन मिळेल असा ठेवा. चक्रं तपासून कोळी आणि ढालकिडे बाजूला करा. मग दोरा बांधून ठेवलेलं, अंडी असलेलं चक्र पूर्ण उचलून आणा आणि टबात सोडा.

वरून मच्छरदाणीचं कापड टाकून दोरीने बांधा. कापड पानांना टेकू देऊ नका, नाहीतर अळ्या कापडावर चढतात. पाण्यात दोन-तीन गप्पी मासे अवश्य सोडा. उघडं साठलेलं पाणी डासांना आयतं मिळतं आणि त्यातून घरात डेंगी येतो.

रोज ठराविक वेळी पाहा आणि लिहा: अंडी फुटली का, अळी कुठल्या पानावर आहे, कात दिसली का, कोष किती, भुंगेरा निघाला का. दर आठवड्याला अर्धं पाणी बदला.

इथे तीन चुका सारख्या होतात. पहिली, अंडी असलेलं एकच पान तोडून आणणं. तुटलेलं पान दोन-तीन दिवसांत कुजतं आणि अळ्या उपाशी मरतात. दुसरी, बंद बाटलीत ठेवणं. आत वाफ धरते, अळ्या काचेला चिकटून जातात आणि तुम्ही समजता की तिचं आयुष्य एवढंच. तिसरी सगळ्यात वाईट: काम झालं की उरलेली चक्रं जवळच्या तलावात फेकणं. निरीक्षण संपलं की भुंगेऱ्यांसकट सगळं साबणाच्या पाण्यात बुडवा आणि खड्ड्यात पुरा.

टप्पा 8: मोजणी

एकूण किती भुंगेरे आहेत हे मोजायचा प्रयत्न करू नका, ते जमत नाही. ठरलेल्या जागा घ्या: दोन काठाला, दोन मध्ये, एक नव्या लावणीत. प्रत्येक जागी दहा चक्रं पाहा. प्रत्येक चक्रासाठी चारच खुणा करा: अंड्याचे पुंजके, अळ्या असलेली पानं, कोष, भुंगेरे. चक्र निवडताना डोळा खराब पानांकडे ओढला जातो. म्हणून आधी बोट दाखवून दहा चक्रं ठरवा आणि मग वाका.

पुढच्या फेरीला त्याच जागा. एका फेरीचा आकडा फार काही सांगत नाही, दोन फेऱ्यांमधला फरक सांगतो. पुंजके वाढताहेत आणि अळ्या कमी आहेत, म्हणजे पुढचा आठवडा कामाचा आहे. कोषच कोष दिसताहेत, म्हणजे चार-पाच दिवसांत भुंगेरे उडणार. जोरदार पावसानंतर अळ्या धुऊन जातात आणि आकडा खाली येतो. त्यावर विसंबू नका, चिकटलेली अंडी तशीच असतात.

टप्पा 9: आवरायचा क्रम

क्रम वरून खालीच. मधली पायरी उडी मारून ओलांडू नका.

1. अंडी अंगठ्याने चिरडा. पान झाडावरच ठेवा. यात झाडाचं काहीच जात नाही, म्हणून हे पहिलं.

2. बारीक अळ्या पुंजक्याजवळच एकत्र असतात. तिथेच चिरडा.

3. अळ्या पसरल्या असतील तर ते पान देठासकट काढून बादलीत टाका. काढलेलं पान पाण्यात सोडू नका. ते तरंगतं, पुढच्या चक्राला टेकतं आणि अळी चालत उतरते. हाताने वेचूनही कीड कमी होत नाही अशी तक्रार जिथे असते, तिथे बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं. बादली काठावर नेऊन पानं पुरा.

4. एका चक्राची निम्म्याहून जास्त पानं काढावी लागतील असं दिसलं तर थांबा. पानं राहू द्या, अळ्या चिरडा. उघडं पडलेलं चक्र फळ पोसू शकत नाही.

5. काठाजवळ, पंपाने नुसत्या स्वच्छ पाण्याचा जोरदार फवारा मारता येतो. अळ्या पाण्यात पडतात, काही माशांच्या पोटात जातात. सगळ्या मरत नाहीत, म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा पाहा. पंपात आधी तणनाशक किंवा कीटकनाशक भरलं होतं का, हे आधी विचारा. त्याचा थोडा अंशही तलावात नको.

6. एवढ्यानेही आटोक्यात येत नसेल तर 5 टक्के निंबोळी अर्क, फक्त किडलेल्या पट्ट्यावर, संध्याकाळी. तलावात नुकतंच मत्स्यबीज सोडलं असेल तर तोही नको. कडुनिंबाचा आहे म्हणून माशांना निर्धोक असं धरून चालू नका.

सावधान: सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या गटातली औषधं माशांना अतिशय घातक असतात, अगदी थोड्या मात्रेतही. कापसाचं उरलेलं औषध शिंगाड्यावर मारणं म्हणजे रोहू-कटला मारणं, आणि त्याच पाण्यावर गुरं येतात, माणसं उतरतात. डब्याच्या लेबलवर पिकाचं नाव आणि पाण्याबद्दलची सूचना वाचा, आणि जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारल्याशिवाय कोणतंही रासायनिक औषध तलावात नेऊ नका. यावर माझं मत ठाम आहे: एका हंगामाचा शिंगाडा गेला तरी चालेल, तलाव जाता कामा नये.

याच काळात कमळपक्षी आणि जलमयूर तरंगत्या पानांवर अंडी घालतात. ते पानांवरून चालत किडे टिपतात. घरटं दिसलं तर त्याच्या भोवतीची चक्रं सोडून द्या. कोळी, चतुर, टाचण्या (चतुराचे सडपातळ भाऊबंद), बेडूक यांनाही हाकलू नका.

टप्पा 10: तोडणीनंतर

दिवाळीच्या आगेमागे बाजारात उकडलेले शिंगाडे आले की तळ्यावरचं लक्ष उडतं. पुढच्या वर्षीची कीड इथे ठरते. शेवटची तोडणी झाली की उरलेले वेल काठावर ओढून ढीग करून ठेवायची पद्धत आहे. असा ढीग भुंगेऱ्याला लपायला उत्तम जागा देतो. वेल काढा, पण खड्ड्यात घालून वर मातीचा थर द्या. पाळीवरचं गवत पीक होतं त्या बाजूला कापा. पेटवू नका, आगीत पाळीवरची झाडं आणि पक्ष्यांची घरटी जातात.

जंगली शिंगाडा जवळच्या डबक्यात असेल तर त्यावरही एक नजर टाका. मुख्य तलाव मोकळा असताना कीड तिथे तगून राहू शकते.

बियाण्याचं पाहा. शिंगाड्याचं बी सुकलं की उगवत नाही, म्हणून ते पाण्यातच राखतात. भुंगेरा अंडी पानावर घालतो, फळात घालत नाही. त्यामुळे दुसऱ्या गावाहून आणायचंच असेल तर वेल आणण्यापेक्षा बी आणा, धुऊन घ्या आणि जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याच बोडीत रोपं करा. वेलच आणावे लागले तर लावणीच्या आदल्या दिवशी काठावर पांढऱ्या थाळीत एकेक चक्र ठेवून वरची बाजू भिंगाने पाहा, आणि अंडी असलेलं पान तिथेच काढा.